शेजारच्या काकांना अर्धांगवायू झालाय. कोपऱ्यावरच्या सेवाभावी संस्थेकडे जावं का? तिथे नेमकं काय मिळतं?

तुम्ही लिहिलंय की काकांना हॉस्पिटलमधून घरी सोडलंय, उजवी बाजू अजून उठत नाही, काकू एकट्याच सगळं करतात आणि 'रुग्णसाहित्य केंद्र' असा बोर्ड लावलेल्या गाळ्यात जायचं म्हटलं की "आपण काय भीक मागायची का?" म्हणतात. आणि अशी संस्था खरी की नुसती पावती फाडणारी, हे कसं ओळखायचं, असंही विचारलंय.

आधी काकूंचं बघू. मी डोंबिवलीत अशाच एका गाळ्यात नऊ वर्षं संध्याकाळी सहा ते आठ बसतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, नाहीतर उत्तराची जाहिरात होईल. आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं काकूंसारखीच असतात. वन बीएचके, पेन्शन किंवा एका मुलाचा पगार, आणि एक दिवस अचानक घरात पडून असलेलं माणूस. यांना पैशाची मदत नको असते. यांना तीन महिन्यांसाठी एक वर-खाली होणारी कॉट हवी असते. ती विकत घेतली तर पुढे ठेवणार कुठे?

म्हणून आम्ही फुकट काही देत नाही. डिपॉझिट घेतो, पावती देतो, महिन्याला अगदी नाममात्र भाडं लावतो, वस्तू परत आली की डिपॉझिट परत. शेजारणीकडून वाटीभर साखर आणण्यातलाच हा प्रकार. काकूंना एवढंच सांगा: उसनं आणायचंय, मागायचं नाहीये. (ज्यांना डिपॉझिटही जड आहे त्यांचं आम्ही माफ करतो, पण ते पावतीवर येत नाही आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही कळत नाही.)

आणि वाटी जशी कुणी रिकामी परत देत नाही, तसंच इथेही होतं. वॉकर परत करायला आलेला माणूस सोबत उरलेलं मोठ्यांच्या डायपरचं न फोडलेलं पाकीट ठेवून जातो, कुणी अंडरशीट, कुणी युरिन पॉट. त्याचं आमच्याकडे वेगळं कपाट आहे. ते कुठल्याही यादीत नाही, पण रात्री साडेसातला धापा टाकत आलेल्या मुलाला त्यातलं पाकीट काढून देताना जे बरं वाटतं ते कॉट देताना वाटत नाही.

आता काय मिळतं. वॉकर, कुबड्या, चार पायांची काठी, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, बेडपॅन, फाउलर कॉट (तीच वर-खाली होणारी), एअर बेड, वाफेतून औषध देणारं नेब्युलायझर. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) आणि घशातला कफ ओढणारं सक्शन मशीन डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय देत नाही, त्यावर वाद घालू नका. 2021च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, त्या चिठ्ठ्यांची चळत टेबलावर आणि मशीन एकही नाही, अशी वेळ आली होती. त्या दिवसांबद्दल लिहायचं नाही.

तुमच्या काकांसाठी माझं ऐकाल तर सगळ्यात आधी एअर बेड न्या. लोक व्हीलचेअर मागायला येतात, कारण ती दिसते. पण एकाच स्थितीत पडून राहिलेल्या माणसाला माकडहाडावर, टाचेवर जखमा व्हायला वेळ लागत नाही आणि त्या भरायला महिने जातात. एअर बेडला छोटा पंप असतो, तो आळीपाळीने कप्पे फुगवतो आणि सोडतो. पंप सतत घुर्रघुर्र करतो. पहिल्या रात्री काकू तो बंद करतील, कारण काकांना झोप लागत नाही. बंद करू देऊ नका. आणि गादी आहे म्हणून कूस बदलणं सोडायचं नाही, दर दोन तासांनी बदलायचीच.

फाउलर कॉटबद्दल एक. डोक्याकडच्या आणि पायाकडच्या फळ्या निघतात, पण लोखंडी सांगाडा बहुतेक अख्खाच असतो. आमच्या भागातल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही, आणि जिथे आहे तिथे त्यात कॉट मावत नाही. जिन्याच्या वळणावर अडकलेली कॉट मी तीनदा सोडवली आहे. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आपलं दार उघडून कॉटचं एक टोक त्यांच्या हॉलमध्ये घेऊ दिलं, तेव्हा कुठे ती वळली. चार माणसं जमवून ठेवा. टेम्पोवाला वर चढवून देत नाही.

व्हीलचेअरच्या पाठीवर पूर्वी आम्ही देणगीदाराचं नाव रंगवायचो: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. एका आजोबांनी ते वाचलं आणि बसायलाच नकार दिला. "माझ्या पाठीवर आत्ताच कै. कशाला?" तेव्हापासून नावं सीटच्या खाली असतात. देणगीदारांपैकी दोघं रुसले, पण आजोबांचंच बरोबर होतं.

साहित्य हा मात्र अर्धाच भाग. बाकी अर्धा वेळ आम्ही कागद करतो, आणि माझ्या मते खरी गरज तिथेच आहे. धान्याचे किट वाटले की फोटो निघतो. नावातला फरक दुरुस्त करून दिला तर फोटो काय काढणार? एक बाई आल्या होत्या, नवरा गेलेला, दोन मुलं. राज्य सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना 1500 रुपये मिळतात, ते हवे होते. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर त्याच नावापुढे 'बाई' जोडलेलं, आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्नी म्हणून माहेरचं नाव. माणूस एक, कागदोपत्री तिघी. तलाठ्याचा पंचनामा, प्रतिज्ञापत्र, आधार केंद्राच्या खेपा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, 15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा, यात चार महिने गेले. बाई आपल्या कामावर खाडा करून प्रत्येक खेप घालत होत्या. शेवटी आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका त्यांच्याबरोबर जाऊन बसू लागल्या, तेव्हा काम हललं.

आणि या योजनेत विधवांसाठी उत्पन्नमर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे. म्हणजे महिन्याला 1750. डोंबिवलीत दोन घरची धुणीभांडी केली तरी ती ओलांडते. याचं उत्तर संस्थेकडे नाही. आम्ही फक्त जे बसतं ते बसवून देतो. 65 झालेल्या गरजूंसाठी तशीच श्रावणबाळ योजना आहे. काकांना पुढे कायमचं अपंगत्व राहिलं तर दिव्यांग प्रमाणपत्र काढावं लागेल, पण ते आत्ताच नाही; डॉक्टर सांगतील तेव्हा. तोवर डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनचे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, नंतर तेच मागतात.

काकांना पुन्हा दाखल करावं लागलं तर दोन गोष्टी विसरू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या (सरकारची मोफत उपचारांची योजना) हॉस्पिटलात योजनेचं काम बघणारा 'आरोग्यमित्र' बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटायचं, बिल हातात आल्यावर नाही. दुसरं, जी मोठी खासगी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्ट म्हणून नोंदलेली आहेत त्यांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्याच लागतात. कायद्यातलं कलम 41 कक. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. एका हॉस्पिटलात मला "अशा खाटा भरल्यात" असं तोंडी सांगितलं. "तेवढंच कागदावर लिहून द्या," म्हटल्यावर अर्ध्या तासात एक खाट रिकामी झाली. उत्पन्नाचा दाखला जवळ होता म्हणून हे बोलता आलं, तो नसता तर मीही गप्प बसलो असतो.

मुंबईत टाटा किंवा केईएम हॉस्पिटलला बाहेरगावाहून पेशंट घेऊन येणारे राहायचं कुठे विचारतात. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आम्ही सांगतो. जागा मिळेलच असं नाही, पण सांगतो.

संस्था खरी की खोटी? धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो, तो बघा. मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा. दाखवायला कां-कू केली तर उठा. कुणी '80जी'चं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं, बोलून दोन हजारांच्या वर रोख मागत असेल तर त्याला स्वतःलाच नियम माहीत नाही, कारण तेवढ्या रोखीवर सवलत मिळत नाही. पण मी स्वतः एक सोपी परीक्षा करतो. त्यांचं वस्तू नेण्या-आणण्याचं रजिस्टर बघतो. 'परत आली' या रकान्यात तारखा असतील तर ती संस्था चालते. तो रकाना कोरा असेल तर वस्तू एकदाच वाटल्या गेल्यात आणि नंतर कुणी विचारायला गेलेलं नाही. आमच्याकडे रविवारी दोघं फक्त फोन करायला बसतात: "काका कसे आहेत? कॉट लागतेय ना अजून?" वस्तूची चौकशी असते, पण निम्म्या वेळा पलीकडून वीस मिनिटं बोलणं चालतं. कुणाला पगारी मावशी हव्या असतात, कुणाला फिजिओ, कुणाला नुसतं कुणीतरी विचारलेलं हवं असतं. वाईट बातमीही त्याच फोनवर कळते. मग पुढचे तेरा दिवस आम्ही कॉटचं नाव काढत नाही.

तर आज संध्याकाळी काकूंना सोडून तुम्हीच जा. रुग्णाचं डिस्चार्ज कार्ड, काकूंचं आधार, तुमचं आधार (बहुतेक ठिकाणी ओळखीच्या माणसाची सही लागते) आणि डिपॉझिटचे पैसे न्या. एअर बेड मागा, कमोडची खुर्ची मागा. व्हीलचेअर न्यायची असेल तर निघण्याआधी घरी टेप घेऊन बाथरूमचं दार मोजा. खुर्ची साधारण 26 इंच रुंद असते आणि आपल्याकडच्या बाथरूमची दारं बहुतेक तेवढीच किंवा त्याहून कमी. दहातल्या चार खुर्च्या दुसऱ्या दिवशी याच कारणाने परत येतात.