एक्स-रे स्वच्छ आहे, मग दुर्बीण कशाला?

प्रश्न : माझा नातू पावणेदोन वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी तोंडात शेंगदाणे घेऊन पळताना त्याला जोराचा ठसका लागला, ओठ निळसर पडले. पाठीत थापट्या मारल्यावर शांत झाला, पुढचे दोन दिवस नीट खेळला-जेवला. आता मात्र खोकला हटत नाही, मधूनमधून ताप येतो. औषध थांबवलं की पुन्हा तेच. एक्स-रेत काही नाही, तरी डॉक्टर भूल देऊन दुर्बिणीने तपासायचं म्हणतात. एवढ्याशा पोराला भूल द्यावी का?

उत्तर : द्यावी, आणि चालढकल करू नये. शेंगदाणा एक्स-रेत दिसतच नाही. नाणं दिसतं, टाचणी दिसते. दाणा, प्लॅस्टिकचा मणी नाही. श्वास सोडतानाच्या फिल्ममध्ये अडकलेल्या बाजूचं फुप्फुस फुगलेलं दिसू शकतं, पण या वयाचं पोर सांगितल्यावर श्वास सोडून थांबतंय थोडंच!

ठसका थांबला की दाणा गिळला असं घरचे धरून चालतात. खरं तर तो खाली श्वासनलिकेच्या एखाद्या फाट्यात जाऊन बसला तरी उबळ शमते. बहुधा उजव्या, कारण तो रुंद आणि जास्त सरळ उतरतो. मग दाणा ओलाव्याने फुगतो, आतलं अस्तर सुजतं, पलीकडे कफ साचतो. अँटिबायोटिकने ताप उतरतो, दाणा तिथेच. स्टेथोस्कोपला एकाच बाजूला शिटी ऐकू आली तर माझा संशय बळावतो, पण दोन्ही बाजू सारख्या वाटल्या तरी असा ठसका कानावर आला की मी दुर्बीण घालतेच. कधी आत काही सापडत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

दुर्बीण म्हणजे तोंडावाटे घालायची धातूची सरळ नळी. तिच्यातूनच श्वास चालू ठेवतात आणि चिमट्याने दाणा काढतात, टाके नाहीत. उशीर झाला तर मऊ पडलेला दाणा चिमट्यात तुटतो. लहान मुलांना भूल देण्याचा सराव असलेले डॉक्टर आहेत ना, एवढं जरूर विचारा. तोवर दम लागला किंवा ओठ पुन्हा निळे पडले, तर तारखेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात न्या. तिथे आधी ठसक्याचं सांगा, खोकल्या-तापाचं नंतर.