पिल्लं सोडण्याआधी चढण सांभाळा

तुमचा प्रश्न असा की दख्खनी महसीर हा नदीतला मासा रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत, ‘संकटग्रस्त’ होता, आता तो त्या वर्गातून उतरलाय, तर लोणावळ्याच्या बीज केंद्रातली पिल्लं मुळा-मुठेत सोडली की झालं ना? कायद्याची गरज काय?

झालं नाही. कर्नल साइक्सने 1839च्या सुमारास या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज शहरातल्या पात्रात मला तो एकदाही दिसलेला नाही. यादी सगळ्या दख्खनचा हिशेब सांगते, आपल्या नदीचा नाही.

हा मासा पावसाळ्यात वरच्या स्वच्छ, गोट्यांच्या ओढ्यांत अंडी घालायला चढतो. खाली धरणाची भिंत आणि वर चढणीचे मासे धरायला टपलेली माणसं. काही वर्षांपूर्वी जुलैत मुळशीच्या वरच्या एका ओढ्यावर मच्छरदाणीचं कापड आडवं बांधलेलं बघितलं. घमेल्यात हातभर मादी होती. उचलली तर पोटातून पिवळीधमक अंडी बोटांवर सांडली, मोहरीपेक्षा मोठी, ज्वारीपेक्षा लहान. महसीर रोहू-कटल्यासारखी लाखांनी अंडी घालत नाही. अशी एक मादी गेली की त्या ओढ्याचं वर्ष गेलं. मला ते आजही खटकतं.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारायला 1897च्या मत्स्य कायद्यापासूनच बंदी आहे. ब्लीचिंग पावडरही विषच. कायदा आहे, ओढ्यावर बघणारं कुणी नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहात देवाचे म्हणून महसीर कुणी मारत नाही, तिथे गाव स्वतः राखण करतं.

लोणावळ्याच्या वळवण केंद्रात 1970च्या दशकापासून महसीरचं बीज तयार होतंय, काम फार मोलाचं आहे. पण हाच दख्खनी महसीर कावेरीत सोडला गेला, तिथे तो फोफावला आणि तिथला कुबडा महसीर मागे पडत गेला. 2018मध्ये कुबडा महसीर रेड लिस्टमध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. म्हणून पिल्लं सोडायची तर आपल्या मुळा-मुठेच्याच खोऱ्यात, आणि ओढे आधी तपासून.

तुम्ही मुळशीकडचे आहात म्हणून सांगतो. ग्रामसभेत जुलै ते सप्टेंबर ओढ्यांत जाळं बंद, एवढा एकच ठराव आणा. धरणारे गावातलेच असतात, त्यांना आधी घरी जाऊन भेटा. ब्लीचिंगची पोती दिसली तर फोटो काढून मत्स्यव्यवसाय खात्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.