कॉम्प्रेसर बदलण्याआधी क्लच मोजा

होळी झाली की जुन्या गाड्यांच्या एसीचे प्रश्न यायला लागतात. बहुतेकांचा मजकूर एकच असतो: गारवा येत नाही, मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला. कशावरून गेला? तर क्लच, म्हणजे पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीशी कॉम्प्रेसर जोडणारा विजेचा चुंबकी भाग, पकडत नाही म्हणून. अहो, क्लच हा एसीच्या वायरिंगमधला शेवटचा शिपाई आहे, वरून हुकूम आला नाही तर तो जागचा हलत नाही. हुकूम कुठे अडला हे न बघता हजारो रुपयांचा कॉम्प्रेसर उतरवायचा, हे सोलापुरात फार चाललं आहे. म्हणून यावेळी सगळे प्रश्न क्लचचेच घेतले आहेत.

प्रश्न: माझी १९९४ ची कॉन्टेसा आहे. एसी लावला की बोनेटखाली ‘टक्’ असा आवाज यायचा, तो बंद झाला आहे. गॅरेजमध्ये नवीन कॉम्प्रेसर सांगितला. घेऊ का? (जुळे सोलापूर)

आत्ता काहीच घेऊ नका. इंजिन आणि ब्लोअर चालू ठेवून एसी लावा आणि हात, ओढणी, लोंबती बाही पट्ट्यापासून लांब ठेवून कॉम्प्रेसरच्या तोंडाकडे बघा. पुली कायम फिरत असते. क्लचने पकडलं तरच तिच्या पुढची प्लेट फिरते. प्लेट स्थिर असेल तर क्लचच्या वायरीवर किती व्होल्ट येतात ते मोजायचं, आणि तेही जोडणी न काढता. जोडणी काढून मोजलं की गंजलेला रिले (करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो. क्लचचा तीन-चार अँपिअरचा भार पडला की तेच बारा व्होल्ट आठ-नऊवर घसरतात आणि चुंबक प्लेट ओढू शकत नाही. तीस वर्षांच्या वायरिंगमध्ये हा दोष नेहमी सापडतो.

व्होल्ट येतच नसतील तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, थर्मोस्टॅट या क्रमाने मागे जायचं. पूर्ण व्होल्ट येऊनही प्लेट हलत नसेल तर आधी अर्थिंग साफ करून बघायचं. मग इंजिन बंद करून, जोडणी काढून क्लचच्या कॉइलचा, म्हणजे चुंबकाच्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स मोजायचा. बारा व्होल्टच्या कॉइलला साधारण तीन ते चार ओहम येतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली आहे. शून्याच्या जवळ आला तर ती शॉर्ट आहे, आणि मग फ्यूज उडत राहतो. हे सगळं काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे, अर्ध्या तासाचं आहे. ते होईपर्यंत कॉम्प्रेसरचा विषयही काढू देऊ नका.

प्रश्न: थंडीत एसी लागत नाही. तरी चालवावा का? (मोहोळ)

हो, आठवड्यातून दहा मिनिटं, म्हणजे शाफ्टचं सील तेलात राहतं.

प्रश्न: मारुती ८००, १९९८ ची. क्लच दर पाच-दहा सेकंदांनी पकडायचा आणि सोडायचा. ओळखीच्या मेकॅनिकने प्रेशर स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून ‘डायरेक्ट’ करून दिलं. आता क्लच सोडत नाही, गारवाही बरा आहे. चालेल ना? (बार्शी)

चालणार नाही. हे उत्तर वाचून झालं की एसी बंद करा आणि स्विच परत जोडून होईपर्यंत लावू नका.

क्लच सारखा पकडत-सोडत होता, कारण गॅस कमी झाला होता. कमी दाब दिसला की तो स्विच क्लचचा करंट तोडतो. तो तुमचा कॉम्प्रेसर वाचवत होता आणि नेमकं त्यालाच बाजूला काढलं गेलं. तुमच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस कमी पडला की तेल कूलिंग कॉइलमध्ये आणि पाइपांत पडून राहतं, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. आत पिस्टन कोरडे घासायला लागतात. ॲल्युमिनियमचा काळा चुरा निघतो आणि कंडेन्सर (रेडिएटरजवळची, गॅस थंड करणारी जाळी), ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असा सगळीकडे पसरतो. मग नवा कॉम्प्रेसर बसवला तरी तो जुना चुरा त्यालाही खातो. शंभर-दोनशे रुपयांत झालेलं ‘डायरेक्ट’ असं पूर्ण एसीवर जाऊन थांबतं.

दुसरा धोकाही ध्यानात घ्या. पुष्कळ गाड्यांत तोच स्विच जास्त दाबावरही लक्ष ठेवतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात कंडेन्सरचा पंखा बंद पडला तर दाब चढतच जातो. स्विच जागेवर असेल तर क्लच सुटतो. नसेल तर जुना रबरी पाइप फुटतो, आणि त्या वेळी कोणी बोनेटमध्ये वाकलेलं असेल तर डोळ्यांवर बेतू शकतं.

‘दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो’ हेही डोक्यातून काढा. गॅस वापरून संपत नाही. जुन्या पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरं, पण एका वर्षात रिकामा होत असेल तर ती गळतीच. बोनेट उघडून त्याच्या आतल्या बाजूला, क्लचच्या बरोबर वर बघा. तेलकट धुळीचा आडवा पट्टा दिसला तर शाफ्टचं सील गेलं आहे आणि तेच तेल क्लचवरही उडतं आहे. गळती शोधताना नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचा फेस लावतात, मग दुरुस्ती, मग व्हॅक्यूम, मग वजन करून गॅस. जो गळती न शोधता थेट गॅसचा पाइप जोडतो, तो पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक आजच पक्कं करतो. त्याच्याकडे जाऊ नका.

प्रश्न: एस्टीमचा एसी सकाळी उत्तम चालतो. दुपारी अर्ध्या तासाने क्लच सुटतो, गाडी थंड झाली की पुन्हा पकडतो. काठीने प्लेट ढकलली की पकडतो असं एकाने सांगितलं. (होटगी रोड)

चालत्या पट्ट्यात काठी घालू नका. क्लच सुटतो त्याच क्षणी त्याच्या वायरीवर व्होल्ट मोजा. व्होल्ट नसतील तर स्विच किंवा रिले करंट तोडतो आहे, बहुधा चढलेल्या दाबामुळे. तेव्हा कंडेन्सर बघा. यंत्रमागाच्या कारखान्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मी हे कायम बघतो: जाळीवर सुताची रुई बसते, तिच्यावर धूळ, आणि रेडिएटर व कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत त्याची चक्क गादी तयार होते. समोरून पाणी मारल्याने ती निघत नाही, कंडेन्सर पुढे सरकवावा लागतो.

व्होल्ट पूर्ण असूनही प्लेट सुटत असेल तर प्लेट आणि पुली यांच्यातली फट वाढली आहे. कॉइल तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, करंट घटतो, आणि झिजलेली प्लेट चुंबकाच्या आवाक्याबाहेर राहते. बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये ही फट ०.४ ते ०.८ मिलिमीटर असते, तुमच्या मॉडेलचा आकडा पाहूनच ठरवा. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) तीन ठिकाणी मोजायची. जास्त असेल तर प्लेटमागची शिम, म्हणजे पातळ चकती, काढून कमी करता येते. प्लेट पुलरनेच काढावी, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली की ती वाकते आणि मग एका बाजूने घासत राहते. जाणकाराकडूनच करून घ्या.

प्रश्न: क्लच वेगळा मिळत नाही, पूर्ण कॉम्प्रेसरच घ्यावा लागतो, असं दुकानदार म्हणतो. (अक्कलकोट)

दुसऱ्या दुकानात विचारा. कॉइल, पुलीचं बेअरिंग, प्लेट हे बऱ्याच कॉम्प्रेसरना सुटं मिळतं. कॉम्प्रेसरवरच्या मॉडेल नंबरच्या पट्टीचा स्पष्ट फोटो न्या, नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही.

प्रश्न: आमच्या प्रीमियर ११८ एनई गाडीत जुना आर-१२ गॅस आहे. तो मिळत नाही, म्हणून एकाने स्वयंपाकाच्या गॅसचं मिश्रण सुचवलं. (पंढरपूर)

अजिबात नको. कूलिंग कॉइल तुमच्या डॅशबोर्डखाली आहे. ती गळली तर पेटणारा गॅस बंद काचांच्या गाडीत साठेल, आणि रिलेची एक ठिणगी पुरे.

ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ टप्प्याटप्प्याने बंद झाला, विकसनशील देशांना २०१० ची मुदत होती. आता आर-१३४ए वर जायचं. त्याचं तेल निराळं, ड्रायर नवा, भरायचं वजनही आर-१२ पेक्षा कमी. दाब चढा राहतो म्हणून कमजोर क्लच त्यात घसरतो, तेव्हा बदलाआधी क्लचची फट मोजून घ्या. हे काम पूर्वी केलेल्या माणसालाच द्या.

प्रश्न: एसी बंद असतानाही कॉम्प्रेसरकडून घरघर येते, लावला तरी तीच. रविवारी तुळजापूरला जायचं आहे. आल्यावर दाखवलं तर चालेल? (विजापूर रोड)

एसी बंद-चालू केल्याने फरक पडत नाही, म्हणजे संशय पुलीच्या बेअरिंगवर. पट्ट्याची ताण-पुलीही तपासायला सांगा. बेअरिंग जाम झालं की पट्टा जळतो, आणि तोच पट्टा वॉटर पंप फिरवत असेल तर इंजिन तापून घाटातच गाडी उभी राहील. बेअरिंग स्वस्त आहे, इंजिन नाही. शनिवारी दाखवा.