टिकणारी मालिका ओळखताना

अनेक आशीर्वाद.

टिकणाऱ्या मालिकांवरच्या लेखासाठी केलेली तुझी यादी वाचली. चोवीस अ‍ॅनिमेशन मालिका, प्रत्येकीपुढे रेटिंग आणि शेवटी ‘या सगळ्या पुढे क्लासिक ठरतील’ एवढं एकच वाक्य. आधी ती यादी सहा-सातवर आण. चोवीस नावं हातात असताना निवड अजून झालेलीच नसते. उरलेल्या प्रत्येक नावापुढे एक कारण लिही, आणि ते असं हवं की दुसऱ्या कुठल्याही मालिकेला लावता येऊ नये. ‘पात्रं जिवंत आहेत’, ‘चित्रं सुंदर आहेत’ हे शंभर मालिकांबद्दल म्हणता येतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही.

रेटिंगचा रकाना काढून टाक. मालिका नुकतीच संपलेली असते तेव्हा मत देणारे बहुतेक जण तिची आठवड्यामागून आठवडे वाट पाहिलेले असतात, आणि ती ओढ त्या आकड्यात उतरते. तुला शोधायचंय ते वेगळं: ज्याने मालिका तेव्हा पाहिली नाही, जिच्याभोवतीच्या गप्पा ज्याच्या कानावर कधी आल्या नाहीत, तो आज पहिला भाग लावून शेवटापर्यंत जातो का? ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही परीक्षा पास झाली आहे. निकलोडियनवर ती २००५ ते २००८ या काळात आली, तीन सीझन, एकूण ६१ भाग. मे २०२० मध्ये ती अमेरिकेत नेटफ्लिक्सवर परत आली आणि तिथल्या रोजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. मूळ प्रसारणाच्या वेळी जन्मलीही नव्हती अशी मुलं तेव्हा ती पहिल्यांदा बघत होती.

आता तिच्यात टिकण्यासारखं काय आहे, ते बारकाईने बघ. तिच्यातली माणसं पाणी, जमीन, आग किंवा हवा हाताळतात, आणि प्रत्येक घराण्याच्या हालचाली एकेका चिनी युद्धकलेवरून घेतल्या आहेत. पाणी वळवणाऱ्यांच्या हालचाली ताई-चीवर बेतल्या आहेत, जमीन हलवणाऱ्यांच्या हुंग गारवर, आगीवाल्यांच्या उत्तर शाओलिनवर आणि हवेच्या बागुआवर. तोफ ही आंधळी मुलगी जमिनीचीच विद्या वापरते, पण तिची शैली दक्षिणेकडच्या ‘प्रेइंग मँटिस’ची आहे, म्हणून ती तिच्याच लोकांत वेगळी उठून दिसते. आवाज बंद कर, मनातल्या मनात आग-पाणी पुसून टाक, तरी नुसत्या उभं राहण्यावरून कोण कुठल्या घराण्याचा ते सांगता येतं. कथेतही हाच काटेकोरपणा आहे. दुसऱ्या सीझनच्या शेवटी आगीवाल्यांचा राजपुत्र झुको सुधारला असं आपण धरून चाललेलो असतो, आणि नेमका तेव्हाच तो बहिणीच्या बाजूने उभा राहतो. खरा बदल येतो तो तिसऱ्या सीझनच्या मध्यावर. लेखकांनी सोपा क्षण हातचा जाऊ दिला, म्हणून पुढचा क्षण खरा वाटतो. पहिल्या सीझनमध्ये काही भाग ढिले आहेत, हेही लिही. ते लपवलंस तर बाकीच्या स्तुतीवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

हा तपास बाकीच्या मालिकांवर कसा करायचा ते सांगतो. प्रत्येक मालिकेचे तीन भाग निवड: पहिला, शेवटचा आणि मधला एक अगदी साधा, ज्याची कुणी चर्चा करत नाही. मधला भाग सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पहिल्या आणि शेवटच्या भागावर प्रत्येक टीम जीव ओतते. त्या भागातली तीन-चार मिनिटं आधी आवाज बंद करून बघ. मग तीच मिनिटं पडद्याकडे पाठ करून ऐक. दोन्ही वेळा काय कळलं आणि काय हरवलं ते लगेच लिहून काढ, कारण दुसऱ्या दिवशी डोकं आपोआप रिकाम्या जागा भरून टाकतं.

या चाचणीत कुणी नापास होत नाही. मालिकेने भार कुठे टाकलाय एवढंच तिच्यातून कळतं. ‘बोजॅक हॉर्समन’ घे. पाचव्या सीझनमधला ‘फ्री चुरो’ हा भाग जवळपास पूर्णपणे एका पात्राचं आईच्या अंत्यविधीतलं भाषण आहे. आवाज बंद केलास तर घोड्याचं तोंड असलेला एक माणूस उभा दिसेल, बस. सगळा भार आवाजावर आहे आणि चित्र मुद्दाम मागे सरलं आहे. त्याच मालिकेच्या तिसऱ्या सीझनमधला ‘फिश आउट ऑफ वॉटर’ पाण्याखाली घडतो आणि जवळजवळ संवादाशिवाय चालतो. एकाच मालिकेने दोन्ही टोकं पेलली आहेत. तिचं नाव यादीत ठेवण्याचं कारण म्हणून मी हेच लिहीन. ‘दुःखाबद्दल प्रामाणिक आहे’ हे तू लिहिलेलं कारण खरं आहे, पण ते अनेक मालिकांना बसतं.

‘ब्लुई’ तुझ्या यादीत नाही, आणि ती हवीच. लहान मुलांची म्हणून वगळली असशील तर पुन्हा विचार कर. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओची ही मालिका २०१८ मध्ये सुरू झाली. एक भाग साधारण ७ मिनिटांचा. ‘स्लीपीटाइम’ हा भाग पाहा. ब्लुईची धाकटी बहीण बिंगो झोपेत ग्रहताऱ्यांमधून फिरते, आणि घरात मध्यरात्री या पलंगावरून त्या पलंगावर जी हलवाहलव चालते तीच तिच्या स्वप्नात उमटते. संगीतकार होल्स्टच्या ‘ज्युपिटर’ची धून सूर्यापाशी पोचते तेव्हा तो सूर्य कोण आहे हे संवादाने समजवावं लागत नाही. चार वर्षांचं मूल आणि त्याची आई एकाच वेळी, वेगवेगळ्या कारणांनी हा भाग बघतात. दोन वयांना पुरणारी मालिका पुढच्या पिढीच्या हाती आपसूक जाते, कारण आजचं मूल उद्या पालक होतं.

आता चित्रांच्या दर्जाबद्दल. इथे नवे लिहिणारे हमखास फसतात. सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण प्रत्येक चित्र सहसा दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. याला ‘ऑन टूज’ म्हणतात. जपानी मालिकांत तीन फ्रेम धरणं, म्हणजे ८ चित्रं, हेही नेहमीचं आहे. चित्रं कमी म्हणजे काम हलकं, असं समजू नकोस. कुठल्या क्षणी चित्रं वाढवली आणि कुठे थांबवली, यात दिग्दर्शकाची नजर दिसते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ दाबलं की एक-एक फ्रेम पुढे सरकते. तसं मोजून बघ. मोजताना दोन चुका होतात. एक, कॅमेरा सरकत असेल तर बॅकग्राउंड प्रत्येक फ्रेमला हलतं आणि पात्र दोन फ्रेमला एकदा. म्हणून नजर पात्राच्या हातावर किंवा डोळ्यावर ठेव. दुसरी, फाइल सेकंदाला ३० फ्रेमची असेल तर मूळच्या काही फ्रेम दुणावलेल्या असतात आणि मोजणी चुकते. आधी फाइलची माहिती उघडून फ्रेम रेट बघ. टीव्हीवर बघत असशील तर मोशन स्मूदिंग बंद कर. ते चित्रकाराने न काढलेल्या फ्रेम मध्ये घुसवतं, आणि धरून ठेवलेल्या पोझचा सगळा जोर जातो.

धूसर रेषेचा दोषही चित्रकाराच्या माथी मारू नकोस. १९९८ चा ‘काउबॉय बिबॉप’ सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवर, रंगवून फिल्मवर चित्रित झाला, त्यामुळे ती फिल्म आज नव्याने स्कॅन करून स्वच्छ चित्र मिळवता येतं. ‘अवतार’ डिजिटल पद्धतीने, त्या काळच्या कमी रिझोल्यूशनवर तयार झाली. मागे फिल्म नाही, म्हणून तिची मोठी आवृत्ती मूळ चित्र ताणूनच करावी लागते. नवी मालिका जुनीपेक्षा मऊ दिसते ती यामुळे.

‘आर्केन’बद्दल तू सगळ्यांत जास्त लिहिलंयस, म्हणून थोडं सविस्तर. पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओने थ्रीडी पात्रांवर हाताने रंगवल्यासारखे पोत चढवले आणि धूर, स्फोट यांसारखे इफेक्ट टूडीमध्ये काढले. पहिल्या सीझनला २०२२ मध्ये एमी मिळालं. पण नवं तंत्र फार लवकर जुनं होतं, कारण बाकीचे ते उचलतात. म्हणून स्वतःला विचार: उद्या सगळ्याच मालिका अशा दिसू लागल्या, तर हिच्यात काय उरेल? माझ्या मते तिसऱ्या भागाचा शेवट उरेल. मदत करायला निघालेली धाकटी बहीण पावडर सगळं उद्ध्वस्त करते, थोरली व्हाय तिच्यावर हात उचलते आणि ज्या नावाने इतर तिला हिणवत त्याच नावाने तिला पुकारते. तो प्रसंग लावून दोघींचे चेहरे फ्रेम-फ्रेमने बघ: राग चढतो, ओसरतो, स्वतःचीच भीती वाटते. पहिल्या सीझनच्या ९ भागांत अशा प्रसंगांना जागा आहे. २०२४ च्या दुसऱ्या सीझनमध्ये तेवढ्याच ९ भागांत दुप्पट घडामोडी कोंबल्या आहेत, आणि गाण्यावर धावणाऱ्या तुकड्यांनी उड्या मारत पुढे जावं लागतं. मी फक्त पहिला सीझन धरीन. तुझं मत वेगळं असेल तर कोणत्या प्रसंगामुळे, ते लिही.

यातूनच एक सवय लावून घे: मालिकेचं नाव लिहिताना नेमका कुठला हिस्सा ते लिही. ‘द सिम्पसन्स’ १९८९ पासून चालू आहे, पण लोक सुरुवातीच्या सीझनबद्दल बोलतात. ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’ २०१० ते २०१८ चालली, ११-११ मिनिटांचे भाग. तिच्यात फुकट गेलेलेही बरेच आहेत. पण २०१२ चा ‘आय रिमेंबर यू’ बघितल्यावर आइस किंग या खलनायकाचे आधीचे सगळे वेडाचार वेगळ्या प्रकाशात दिसतात, आणि तो प्रकाश मागच्या भागांवरही पडतो. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ अ‍ॅलेक्स हर्श या निर्मात्याने स्वतःच्या निर्णयाने दोन सीझन, ४० भागांवर थांबवली. तिथे हिस्सा निवडावाच लागत नाही. ‘फ्रीरेन’चे २०२३-२४ मध्ये आलेले पहिले २८ भाग मी बिनदिक्कत यादीत घेईन. राक्षसराजाचा पराभव झाल्यावर ती सुरू होते. फ्रीरेन या हजार वर्षं जगलेल्या एल्फला दहा वर्षांचा प्रवास क्षुल्लक वाटलेला असतो, आणि त्या प्रवासातला सोबती हिमेल याच्या अंत्यविधीत रडताना तिला कळतं की त्या माणसाला ओळखायचा आपण प्रयत्नच केला नाही. पुढचा प्रत्येक भाग त्या एका रडण्याचा हिशोब चुकता करतो.

आजच्या बातम्यांवर आधारलेले विनोद फार लवकर शिळे होतात. ‘साउथ पार्क’चे भाग सहसा सहा दिवसांत तयार होत आले आहेत; ताजेपणा हीच त्यांची ताकद, आणि म्हणूनच त्यातल्या कित्येक भागांना आज तळटीप लागते.

यादीत आणखी एक रकाना जोड: मालिका आज कायदेशीर मार्गाने कुठे बघता येते, आणि डिस्क निघाली आहे का. हे दुय्यम वाटेल, पण नाही. ‘इन्फिनिटी ट्रेन’चे चार सीझन २०१९ ते २०२१ मध्ये आले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ती एचबीओ मॅक्सवरून काढून टाकली गेली. चांगली असूनही हाताशी नसलेली मालिका पुढच्या पिढीपर्यंत कशी पोचणार? त्याबद्दल राग येत असेल तर तोही लेखात येऊ दे.

पहिला मसुदा ‘ओव्हर द गार्डन वॉल’वर लिही. २०१४ ची, १० भागांची, एका संध्याकाळी संपणारी. त्यामुळे दोनदा बघायला सबब नाही. पहिल्यांदा काही न लिहिता बघ. दुसऱ्यांदा वही घे आणि तीन गोष्टी शोध. कथेतल्या दोन भावांपैकी वर्टची टोकदार टोपी आणि ग्रेगच्या डोक्यावरची किटली पहिल्या भागात नुसतं कॅरेक्टर डिझाइन वाटतात. नवव्या भागात त्या हॅलोविनच्या पोशाखाचा भाग निघतात. पाचव्या भागातल्या एंडिकॉट या पात्राचं नाव त्याच नवव्या भागात एका थडग्यावर कोरलेलं दिसतं, कॅमेरा तिथे फारसा रेंगाळत नाही. आणि मालिकेच्या अगदी सुरुवातीला जे सुटे सुटे तुकडे दिसतात, त्यातले कोणते शेवटी परत येतात, ते भाग आणि मिनिटासकट मांड. तेवढं झालं की मसुदा पाठव; लांबीची चिंता करू नकोस, पण प्रत्येक दाव्याशेजारी भागाचा क्रमांक असू दे.