मेडिकलवाले बोलत राहतात, बाकीचे गप्प, मी काय करू?

प्रश्न: मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, फिजिओ अशा सगळ्या ज्युनियर मुलांचा मिक्स ग्रुप करून त्यांना एक केस देतात आणि आम्हा सीनियर्सना फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवणारे, करतात. माझ्या पहिल्याच सेशनला मेडिकलचे दोघंच बोलत होते, नर्सिंगच्या मुली मान खाली घालून बसलेल्या, आणि शेवटी औषधांचे प्रश्न सगळ्यांनी मलाच विचारले. मला औषधांचं एवढं येत नाही, मग मी हे करावं तरी का?

उत्तर: औषधांचं येत नाही हे खरं तर बरंच आहे. ज्याला येतं तो राहवत नाही म्हणून लेक्चर द्यायला लागतो, आणि मग ग्रुप संपलाच म्हणायचा. वेगवेगळ्या पेशांच्या मुलांनी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांच्या कामाविषयी शिकावं हा या सगळ्याचा हेतू, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० च्या आराखड्यातही हेच मांडलंय. त्यामुळे प्रश्न तुमच्याकडे आला की तो फार्मसीच्या मुलाकडे सरकवायचा, बास.

गप्प बसणाऱ्यांचं म्हणाल तर "नर्सिंगचं काय मत?" असं विचारूच नका, त्यावर "सर म्हणाले तसंच" हेच उत्तर येणार. प्रश्न कामाला चिकटलेला हवा. समजा केस स्ट्रोकच्या पेशंटची आहे, उद्या डिस्चार्ज. "याला सकाळची गोळी देताना तुम्ही काय बघाल?" असं विचारलं की ती मुलगी सांगते, गिळताना ठसका लागतो म्हणून गोळी कुटून द्यावी लागेल. तेवढ्यात फार्मसीचा मुलगा दचकतो, कारण हळूहळू औषध सोडणारी गोळी कुटली तर सगळा डोस एकदम अंगात जातो. आता मेडिकलवाल्यांनाच प्रिस्क्रिप्शन पुन्हा बघावं लागतं, आणि गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून (ते बोलण्यासोबत गिळणंही तपासतात) झालीय का हाही प्रश्न निघतो. तुम्ही यात एक शब्दही शिकवला नाहीत. (केसच अशी निवडायची की कुणा एका पेशाला एकट्यानं सुटूच नये, नुसतं डायग्नोसिस शोधायची केस दिली की मेडिकलचीच मुलं बोलणार, त्यात त्यांचा दोष नाही.)

आणखी एक, सुरुवातीला दोन मिनिटं सगळ्यांना आपापलं कागदावर लिहायला लावा आणि वाचायची सुरुवात मेडिकलपासून करू नका. एवढ्यानं बराच फरक पडतो.

पण हे वाचून येत नाही हो, कॉलेजनं आधी तालीम घ्यायला हवी. तुम्ही सीनियर्सनीच खोटा ग्रुप करा, एकानं अडवून अडवून बोलणारा व्हायचं, एकानं फोनमध्ये डोकं घालायचं, एकानं "हे नर्सचं काम" असं टोचायचं, आणि एकानं तो ग्रुप चालवायचा, मग लगेच बसून कुठे अडलं ते बोलायचं. दोघांची जोडी असली तर उत्तम, पण दोघं वेगळ्या पेशांचे हवेत, नाहीतर आपल्याच माणसाची बाजू नकळत घेतली जाते आणि ती सांगायला कुणी नसतं.

प्रश्न: मी नर्सिंग कॉलेजला शिकवते. विद्यार्थ्यांच्या हाती ग्रुप दिला तर चुकीची माहिती पसरणार नाही का?

उत्तर: भीती रास्त आहे मॅडम. म्हणून शिक्षकानं जवळपास असायचं, पण वर्तुळात बसायचं नाही, शिक्षक बसले की मुलं त्यांच्याकडे बघूनच बोलतात. जिथे वाद झाला किंवा खात्री नाही ते फळ्यावर एका कोपऱ्यात लिहून ठेवायचं आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटं शिक्षकानं तेवढंच सोडवायचं. स्वीडनमधल्या लिंकोपिंगला तर १९९६ पासून वेगवेगळ्या पेशांचे विद्यार्थी मिळून देखरेखीखाली खराखुरा वॉर्ड सांभाळतात, तिथे पेशंट खरे असतात, आपल्याकडे तर कागदावरची केस आहे. मार्क देण्याचं काम मात्र सीनियर विद्यार्थ्यांकडे अजिबात देऊ नका, दिलंत की "मला हे माहीत नाही" असं म्हणायला कुणी धजणार नाही.