लायसन्सच्या फॉर्मवर सही करण्याआधी

प्रश्न : आमची मुलगी तेरा वर्षांची आहे. तिचा जन्म अमेरिकेतला, त्यामुळे तिकडचा पासपोर्ट आहेच. ती लहान असतानाच आम्ही जर्मनीत आलो आणि मागच्या वर्षी सगळ्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं. भारताचं ओसीआय कार्डही (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे. ती आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स करते, आठवड्याला वीसेक तास. आता प्रशिक्षकांनी ज्युनियर गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी लायसन्सचा फॉर्म भरायला सांगितलाय. सासरे म्हणतात, खेळायचं तर भारताकडून. नवऱ्याचा कल अमेरिकेकडे. मला वाटतं, इतक्यात कशाला? काय करावं?

उत्तर : सासऱ्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्या इच्छेचं उत्तर कायद्यातच आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि ओसीआय कार्डावर भारतीय संघात जागा मिळत नाही. भारतीय पासपोर्ट नसलेल्यांना राष्ट्रीय संघात घ्यायचं नाही, असं केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर २००८ मध्ये ठरवलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते धोरण उचलून धरलं. त्याआधी भारताकडून डेव्हिस कप खेळलेल्या टेनिसपटू प्रकाश अमृतराजची वाट अमेरिकी पासपोर्टमुळे तिथेच अडली. तुमच्या लेकीला भारताकडून उतरायचं असेल तर आधी ती सज्ञान व्हायला हवी, ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली हवीत, अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहायला हवं, आणि मग हातातले दोन्ही पासपोर्ट सोडायचे. मुलींना सीनियर गटात सोळाव्या वर्षीच उतरता येतं. म्हणजे ऐन उमेदीची वर्षं कागदपत्रांत जाणार. ओसीआयवाल्या खेळाडूंसाठी नियम सैल करावा, अशी चर्चा अधूनमधून होते. त्या चर्चेच्या भरवशावर मुलीचं वेळापत्रक बांधू नका. आजोबांना हे तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी सांगावं.

आता खरे पर्याय दोनच उरतात, जर्मनी आणि अमेरिका. ऑलिम्पिक सनदेनुसार दोन देशांचं नागरिकत्व असलेला खेळाडू त्यातला कोणताही देश निवडू शकतो. मात्र एकदा ऑलिम्पिक, खंडीय स्पर्धा किंवा जागतिक अजिंक्यपद अशा मान्यताप्राप्त स्पर्धेत एका देशाकडून उतरलं की दुसरीकडे जायला साधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं. मुदत कमी होऊ शकते, पण त्यासाठी दोन्ही देशांच्या ऑलिम्पिक समित्या आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांची संमती लागते. जिम्नॅस्टच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको. या काळात मुलीची उंची वाढते, वजनाचा तोल बदलतो, बार्सवर (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर) सहज होणारं कसब परत पहिल्यापासून बसवावं लागतं.

कायलिया नेमूर या जिम्नॅस्टचं उदाहरण घरात सगळ्यांनी मिळून वाचा. ती जन्माने फ्रेंच, वडिलांकडून अल्जेरियन. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिने पुन्हा सराव कधी सुरू करावा यावरून फ्रान्सच्या महासंघाशी बिनसलं आणि तिने अल्जेरिया निवडलं. महासंघ तिला लगेच सोडायला तयार नव्हता. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं, तेव्हा कुठे २०२३ मध्ये मोकळीक मिळाली. त्याच वर्षी अँटवर्पच्या जागतिक स्पर्धेत तिने अनइव्हन बार्सवर रौप्य मिळवलं आणि २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्ण. जिम्नॅस्टिक्समधलं आफ्रिकेचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा तपशील वेगळाच आहे : झेंडा बदलला तरी ती फ्रान्समधल्या आवान गावच्या आपल्या जुन्या क्लबमध्येच सराव करत राहिली. रोज सकाळी कोणत्या हॉलमध्ये, कोणाच्या हाताखाली जायचं, हे झेंड्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. ती घडी नीट बसलेली असेल तर केवळ दुसऱ्या देशाच्या जर्सीसाठी ती मोडू नये.

उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना हिने देश बदलला तो मात्र पदकासाठी नव्हे. मुलाच्या रक्ताच्या कर्करोगावर कोलोनमध्ये उपचार चालू होते, म्हणून ती जर्मनीत आली, २००६ मध्ये तिथली नागरिक झाली, २००८ मध्ये तेहतिसाव्या वर्षी जर्मनीसाठी व्हॉल्टचं (धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीचं) रौप्य मिळवलं आणि पुढे पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळू लागली.

तुमच्या यजमानांच्या मनात बहुधा अमेरिकेची चमक आहे, आणि भारतीय वंशाच्या मुलांनी ती अनुभवलीही आहे. २००४ मध्ये अथेन्सला मोहिनी भारद्वाज रौप्यविजेत्या अमेरिकी संघाची कर्णधार होती, २००८ मध्ये राज भावसार कांस्यविजेत्या संघात होता. पण ते दोघे तिथल्याच जिममध्ये वाढले होते. पॅरिसमध्ये संघ फक्त पाच जणींचा होता आणि वैयक्तिक अंतिम फेरीत एका देशाच्या दोघींनाच जागा मिळते. एमा मालाबुयो टोकियोच्या वेळी अमेरिकेची राखीव खेळाडू होती. ऑलिम्पिकमध्ये ती प्रत्यक्ष उतरली ती २०२४ मध्ये, फिलिपिन्सकडून. अमेरिकेत राखीव बसणारी मुलगी दुसऱ्या देशात पहिल्या रांगेत असते, यावरून तिथली गर्दी ओळखा. युरोपात राहून त्या गर्दीत नाव लावणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

तरीही तो अमेरिकेचा निळा पासपोर्ट जपून ठेवा, कारण त्याचा मोठा उपयोग पुढे कॉलेजात आहे. अमेरिकेत महिला जिम्नॅस्टिक्सला विद्यापीठांकडून शिष्यवृत्त्या मिळतात. जानेवारी ते एप्रिल असा सांघिक हंगाम असतो आणि जुनी दहा गुणांची पद्धत तिथे अजून चालते. कॉलेज संघासाठी तुम्ही कोणत्या देशाकडून खेळता याला महत्त्व नसतं. अलिया फिनेगन लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळली आणि त्याच सुमारास फिलिपिन्सकडून ऑलिम्पिकलाही गेली. परदेशी मुलींना विद्यार्थी व्हिसावर जाहिरातींतून कमाई करताना अडचणी येतात, तुमची मुलगी नागरिक असल्याने तिला तो त्रास नाही. मात्र जर्मनीत बक्षिसाची रक्कम किंवा प्रायोजकत्व घेण्याआधी अमेरिकी कॉलेजांचे पात्रतेचे नियम तपासा. आणि अमेरिकी नागरिक जगात कुठेही राहत असला तरी त्याच्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेच्या कर खात्याला द्यावा लागतो, हे तुमच्या कर सल्लागाराच्या कानावर घाला. सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, नूतनीकरणाला दोघा पालकांची संमती लागते. स्पर्धेच्या आदल्या महिन्यात ही धावपळ नको.

तुमचं ‘इतक्यात कशाला’ मला पटतं, अर्धं. सराव, शिबिरं, जर्मनीतल्या स्पर्धा खुशाल होऊ द्या. फक्त फॉर्मवर सही करण्याआधी जर्मन महासंघाला एक पत्र लिहा : या लायसन्सवर ती कोणकोणत्या स्पर्धांत उतरेल, त्यातल्या कोणत्या राष्ट्रीय प्रतिनिधित्व म्हणून मोजल्या जातील, आणि उद्या देश बदलायचा झाला तर महासंघाची भूमिका काय असेल? उत्तर लेखी घ्या आणि ते मुलीलाही वाचून दाखवा. तेराव्या वर्षी एवढं समजतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, मीच काढते. पालक देशाबद्दल भरभरून लिहितात आणि हॉलमध्ये काय चालतं याबद्दल गप्प असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरला शेकडो मुलींच्या लैंगिक छळाच्या प्रकरणात २०१८ मध्ये तुरुंगवास झाला. जर्मनीतही २०२४ च्या अखेरीस श्टुटगार्टच्या केंद्रातल्या वागणुकीविरुद्ध माजी खेळाडू जाहीरपणे बोलल्या. जर्मन जिम्नॅस्ट किम बुइने आपल्या बुलिमियाबद्दल (खाण्याच्या विकाराबद्दल) उघड सांगितलं. तेव्हा सराव पालकांना बघता येतो का, फिजिओ मुलीला एकटीला तपासतो का, सगळ्यांसमोर वजन केलं जातं का, हे विचाराच. पाळी थांबली तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचं ऐकू नका, डॉक्टरकडे न्या. मनगट किंवा कंबर सतत दुखत असेल तर तेच. या वयात हाडांची वाढ चालू असते. आजींना लिओटार्ड खटकत असेल तर त्यावर भांडू नका : २०२१ मध्ये टोकियोला जर्मनीच्याच मुली पायघोळ युनिटार्ड घालून उतरल्या होत्या, नियमात ते बसतं. काय घालायचं ते तिला ठरवू दे.

माझा कौल विचाराल तर जर्मनी. ती तिथे राहते, तिथल्या प्रशिक्षकांची भाषा तिला कळते, आणि हात मोडला तर संध्याकाळी ती स्वतःच्या घरी असते. पत्राचं उत्तर समाधानकारक आलं तर सही करा. गोलमाल आलं तर हा हंगाम देशांतर्गत स्पर्धांवर काढा आणि ज्युनियर गटात अजून वर्षं हातात आहेत, हे प्रशिक्षकांना शांतपणे सांगा.