आजोबा तोंड का फिरवतात?

प्रिय विद्यार्थिनी,

तू लिहितेस, 'नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ड्रेसिंग, नाडी, रक्तदाब मन लावून शिकते. पण एरिकसनच्या आठ अवस्था पाठ होत नाहीत. वॉर्डात त्यांचा उपयोग काय? तिथले एक आजोबा मी भरवायला गेले की तोंड फिरवतात, ताट ठेवून निघाले की सांडत का होईना, स्वतः जेवतात. माणसं मला कळतच नाहीत. लॅब टेक्निशियनचा कोर्स घेऊ का?'

लॅबचं नंतर बोलू. आधी एरिकसन. जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणूस आठ टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर मनात एक झगडा असतो, असं या मानसशास्त्रज्ञाने मांडलं.

'स्वायत्तता विरुद्ध लाज व शंका, दीड ते तीन वर्षं' असं तक्त्यात वाचलं की कुणालाही डुलकी येईल. वही मीट आणि बालरुग्ण विभागात बघ. घरी शी-शू सांगायला शिकलेलं मूल दाखल झालं की पुन्हा अंथरूण ओलं करतं. आई ओशाळते, त्याच्यावर ओरडते. नुकतं जमू लागलेलं आजारपणात आधी सुटतं, हे ठाऊक असलेली नर्स आईला सांगते, 'रागावू नका, बरं वाटलं की परत सांगायला लागेल.' चार-पाच वर्षांच्या मुलाला तर वाटतं, आपण खोडी केली म्हणूनच सुई टोचतात. त्यात कुणी 'गप्प बस, नाहीतर इंजेक्शन देईन' म्हणालं की संपलंच! 'तुझं काही चुकलेलं नाही' हे त्याला आपणहून सांगावं लागतं. शाळकरी मुलाच्या हातात चिकटपट्टी धरायला दे, तो कामाला लागतो. पंधरा वर्षांच्या मुलीला पाळीबद्दल सगळ्यांसमोर विचारू नकोस.

हे सगळं रुग्णालयांनाही उशिराच कळलं. 1952 साली मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण करून दाखवलं, तेव्हा आईवडिलांना भेटीच्या ठरावीक वेळीच आत सोडत. पालकांना मोकळेपणी येऊ द्यावं, अशी शिफारस तिथल्या सरकारी समितीने 1959 मध्ये केली.

आता तुझे आजोबा. तक्ता त्यांना शेवटच्या घरात बसवतो : कृतार्थता विरुद्ध नैराश्य. पण तोंड फिरवताना ते आयुष्याचा हिशेब मांडत नाहीत. त्यांचं भांडण दोन वर्षांच्या पोराचं आहे, 'मी माझ्या हाताने खाणार!' आजारपण माणसाला मागच्या पायऱ्यांवर नेऊन सोडतं. एरिकसन यांच्या पत्नी जोन यांनी नव्वदी ओलांडल्यावर नवव्या अवस्थेविषयी लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की अतिवृद्धपणी जुने सगळे झगडे पुन्हा समोर येतात, लाज आणि शंकाही. बेडपॅन मागताना सत्तरीच्या माणसाची मान का खाली जाते, ते यावरून समजेल. म्हणून पडदा ओढायचा, आवाज खाली ठेवायचा, 'आधी तोंड धुऊ या की कपडे बदलू या?' असं विचारायचं. निवड छोटी असते, पण ती त्यांची असते. आणि म्हाताऱ्या माणसाशी बोबडं बोलणं तर मला मुळीच सहन होत नाही.

मात्र वय पाहून रुग्णावर शिक्का मारू नकोस. अवस्थांच्या सीमा काटेकोर नाहीत, आणि हा सिद्धांत प्रयोगाने पडताळणंही अवघड आहे. तो तुला एक प्रश्न देतो : या माणसाला काय गमावण्याची भीती आहे? चाळिशीतला रुग्ण 'सुट्टी कधी?' असं चार वेळा विचारतो, तेव्हा त्याचं चित्त घरच्या पोरांपाशी असतं. प्रत्येक पोस्टिंगला एक रुग्ण निवड आणि केअर प्लॅनमध्ये या प्रश्नाच्या उत्तराची एक ओळ लिही. अवस्था लक्षात राहतील, व्हायवातही बोलता येईल.

लॅबचं काम चांगलं आहे. नमुने, यंत्रं यांत मन रमत असेल तर खुशाल जा. एका पेपरच्या धास्तीने जाऊ नकोस. 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द रूढ करणारे एरिकसन स्वतः तरुणपणी चित्रं काढत भटकत होते, विद्यापीठाची पदवी त्यांनी कधी घेतलीच नाही. तुझ्या वयात आपण कुठले हा प्रश्न पडायचाच. आणि माणसं कळत नाहीत म्हणणारी मुलगी ताट ठेवून गेल्यावर आजोबा काय करतात, हे वळून बघते, ते मी तुझ्याच पत्रात वाचलं.

उद्या सिस्टरना विचार, आजोबांना गिळायला त्रास नाही ना. नसेल तर चमचा त्यांच्या हातात दे. तू नुसती वाटी धर.